किर्दीत खाडाखोड नाही: प्राणी-वनस्पतींच्या नावांची फाइल कशी सांभाळावी

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात मी एकतीस वर्षं दिवाणजी होतो. निवृत्त झालो आणि दोन महिन्यांत मुलाच्या मित्रांनी मला कामाला लावलं. ही पोरं दर रविवारी रंकाळा, कळंबा, मसाई पठार, पावसाळ्यात आंबा घाट असं हिंडून पक्षी, साप, फुलपाखरं, झाडं नोंदवतात. "काका, एक्सेलची फाइल आहे, तेवढी जरा नीट लावून द्या," म्हणाली. उघडली तर ४,६०० च्या वर ओळी, आणि एकट्या गव्याची नावं सात: गवा, गवे (२), गौर, बायसन, इंडियन बायसन, बॉस गौरस, बॉस फ्रॉन्टॅलिस. दाजीपुरातल्या गव्याच्या नोंदी किती, असं कुणी विचारलं की पोरं फिल्टर लावायची आणि एकाच नावाचा आकडा सांगून मोकळी व्हायची. बाकीचे सहा कळप फाइलीतच चरत असायचे.

मला प्राण्यांतलं काही कळत नव्हतं, पण दुखणं ओळखीचं होतं. अडतीत एकाच शेतकऱ्याची तीन नावं असतात: सातबाऱ्यावरचं एक, पावतीवर लिहिलेलं दुसरं आणि गावात हाक मारतात ते तिसरं. उलट एका गावात एकाच नावाचे चार जणही असतात. म्हणून माल आला की रोजकिर्दीत गाडीवानानं जे नाव सांगितलं तेच लिहायचं, आणि रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर ओढायची. खात्याला नंबर. नाव चुकलं, बदललं, वारसाच्या नावावर गेलं, तर खतावणीत दुरुस्ती होते. किर्दीला हात लावायचा नाही. जातींची फाइल मी अशीच लावली. कशी लावली ते सांगतो, कारण जिल्ह्याजिल्ह्यांत अशी पोरं आहेत आणि त्यांच्याकडे अशाच फायली आहेत.

आधी एक खुलासा. फाइलीत शास्त्रीय नावं रोमन लिपीतच ठेवायची. इथं मी ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. दुसरं, शाळेच्या पुस्तकात 'प्रजाती' म्हणजे जीनस (शास्त्रीय नावातला पहिला शब्द) आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज, तर वर्तमानपत्रात स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. या गोंधळापायी मी रकान्यांची नावं सरळ जीनस आणि स्पीशीज अशीच ठेवली.

दोन शीटं, मधे एक नंबर

पहिलं शीट किर्दीचं: तारीख, जागा, कुणी पाहिलं, किती, फोटो आहे का. आणि एक रकाना 'नोंदवलेलं नाव'. त्यात पाहणाऱ्यानं जे लिहिलं ते अक्षरशः तसंच राहतं, 'मोठा काळा साप' लिहिलं असेल तर तेही. जगभर जैवविविधतेच्या नोंदींची देवाणघेवाण डार्विन कोअर नावाच्या रकान्यांच्या ठरावीक संचातून चालते. त्यात यासाठी 'व्हर्बॅटिम आयडेंटिफिकेशन' असा रकानाच आहे. मला तो सापडला तेव्हा बरं वाटलं. दिवाणजी तिकडेही असणार.

दुसरं शीट खतावणीचं. प्रत्येक नावाला एक ओळ आणि आपला नंबर. ओळीत शास्त्रीय नाव, ते मांडणारा लेखक, किंगडम (प्राणी की वनस्पती), रँक (जीनसपर्यंतच ओळखलंय की स्पीशीजपर्यंत), नावाची स्थिती (चालू नाव की समानार्थी जुनं नाव), आणि जुनं असेल तर चालू नावाचा नंबर. किर्दीतल्या ओळीपुढे फक्त नंबर लिहायचा. नाव दाखवायचं काम व्हीलुकअप या एक्सेलच्या सूत्रावर सोडायचं. व्हीलुकअपच्या शेवटी 'फॉल्स' लिहायला विसरू नका. विसरलात तर एक्सेल 'जवळपासचं' नाव आणून देतं आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. आमच्या एका मुलीनं एकदा असंच केलं आणि शेकरू थेट घोरपडीच्या खात्यावर चढलं.

गव्याची सातही नावं खतावणीत गेली. चालू नाव बॉस गौरस. बॉस फ्रॉन्टॅलिस मात्र मी लगेच मिटवलं नाही, आणि ते बरंच झालं. ते नाव १८०४ सालचं आहे आणि ते ईशान्येकडच्या मिथुन नावाच्या पाळीव जनावराला दिलेलं. जंगली गव्याचं नाव १८२७ चं. दोन्ही एकच जात मानली तर आधीचं नाव टिकतं या नियमानं आपल्या गव्याला मिथुनाचं नाव चिकटलं असतं. प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं २००३ मध्ये २०२७ क्रमांकाचं मत दिलं: पाळीव रूपाचं नाव जुनं असलं तरी रानटी प्राण्याचं नाव त्या कारणानं बाद होत नाही. म्हणून मधल्या काळातल्या कागदांत गवा फ्रॉन्टॅलिस म्हणून दिसला तर दचकू नका. त्या नावाची ओळ ठेवा, पुढे गौरसचा नंबर लिहा. 'बायसन' तर इंग्रज शिकाऱ्यांनी दिलेलं. खरा बायसन वेगळ्या खंडातला, पण १९५८ साली दाजीपूरला अभयारण्य झालं ते बायसनच्या नावानं, आणि आजही राधानगरीच्या रस्त्यावर तोच शब्द पाट्यांवर दिसतो. पाट्या पुसणं आपलं काम नाही. खतावणीत एक ओळ वाढवणं आहे.

लेखकाचं नाव आणि कंस

नावापुढचं लेखकाचं नाव पोरं गाळायची, 'कशाला ते शेपूट' म्हणून. त्याच शेपटावरून दोन सारखी नावं वेगळी ओळखता येतात. ते स्वतंत्र रकान्यात ठेवा, स्पीशीजच्या नावाला चिकटवू नका.

कंसाला अर्थ आहे. आपल्या अंगणातला भेक: डुटाफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस (श्नायडर, १७९९). कंस सांगतो की श्नायडरनं हे नाव दिलं तेव्हा जीनस दुसरं होतं, बुफो. २००६ मध्ये तो डुटाफ्रिनसमध्ये गेला. (हे जीनस भारतीय बेडूकतज्ज्ञ एस. के. दत्ता यांच्या नावावरून आहे.) कंस काढलात तर जीनस बदलल्याची खूण गेली. वनस्पतींत पद्धत निराळी: कंसात मूळ लेखक, कंसाबाहेर ज्यानं नवीन जीनसमध्ये नेलं तो, आणि साल सहसा लिहीत नाहीत. जांभूळ म्हणजे सायझिजियम क्युमिनी, पुढे (एल.) स्कील्स. एल. म्हणजे लिनियस, दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणारा.

आता माझी फजिती. राज्याचं फुलपाखरू राणी पाकोळी, तिच्याच पॅपिलिओ जीनसमधलं लिंबावरचं फुलपाखरू पॅपिलिओ डेमोलियस. त्याचं जीनस पहिल्यापासून तेच, म्हणून कंस नाही: लिनियस, १७५८. आमच्याकडे त्याच्या २१२ नोंदी. नंबरांची पद्धत तेव्हा बसली नव्हती, म्हणून मी पहिल्या ओळीत लेखक-साल टाइप केलं, कोपरा धरला आणि खालपर्यंत ओढलं. शेवटी आकडा दिसला की एक्सेलला वाटतं मालिका आहे. दुसऱ्या ओळीत १७५९, तिसरीत १७६०. शेवटच्या ओळीत लिनियसनं हे फुलपाखरू १९६९ साली नोंदवलं होतं. बिचारा १७७८ मध्ये वारला. बावीसाव्या ओळीपासून पुढचं सगळं मरणोत्तर कार्य. ती फाइल मी तशीच तीन जणांना पाठवली होती. ओढायचंच असेल तर कंट्रोल दाबून ओढा नाहीतर कॉपी-पेस्ट करा. पण खतावणी लावली की ओढायची वेळच येत नाही, एक नाव एकदाच लिहिलं जातं.

नावं धुऊन काढणं

जुनी फाइल असेल तर आधी ही धुलाई. 'नोंदवलेलं नाव' या रकान्याची एक प्रत शेजारी काढा आणि धुलाई त्या प्रतीवरच करा.

पहिला शत्रू मोकळी जागा. जादा स्पेस काढणारं ट्रिम हे सूत्र लावलं तरी काही नावं जुळत नाहीत, कारण वेबवरून उचललेल्या मजकुरात साध्या स्पेससारखीच दिसणारी दुसरी स्पेस असते. तिचा कॅरॅक्टर नंबर १६०. ती ट्रिमला दिसत नाही, सबस्टिट्यूटनं काढावी लागते. हे कळायला मला आठवडा लागला.

मग शंकेची चिन्हं. 'सीएफ.' (याच्यासारखं दिसतंय), 'एसपी.' (जीनस कळलं, स्पीशीज नाही), प्रश्नचिन्ह. ही फेकू नका, वेगळ्या रकान्यात हलवा. ज्यानं 'सीएफ.' लिहिलं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलंय की खात्री नाही. ते पुसलं की अंदाजाचा पुरावा होतो.

मग स्पेलिंग. घोणशीचं नाव घ्या. ते ज्यांच्यावरून पडलं त्या पॅट्रिक रसेल यांच्या आडनावात शेवटी दोन एल, म्हणून शिकलेला माणूस डाबोइया रसेलीआय लिहिताना हटकून दोन एल घालतो. पण १७९७ च्या मूळ नावात एकच एल आहे आणि तेच चालतं. उसाच्या पट्ट्यात घोणशीचे फोन रोजचे, त्यामुळे आमच्याकडे हे नाव चार प्रकारे लिहिलेलं होतं. वडाचंही तसंच: फायकस बेंघालेन्सिसमध्ये जी नंतर एच आहे, तो निम्मी माणसं खातात. अशी जवळपासची नावं गोळा करायला ओपनरिफाइन हे फुकटचं सॉफ्टवेअर चांगलं. ते 'ही एकच असावीत' असे गठ्ठे करून दाखवतं. गठ्ठा मात्र स्वतः वाचून मगच एक करा.

स्पीशीजच्या नावाचं शेपूट जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं, ही आणखी एक गंमत. मोठा बेडूक पूर्वी राना टायगरिना होता. राना स्त्रीलिंगी. तो होप्लोबॅट्राकस झाला आणि टायगरिनाचा टायगरिनस झाला. म्हणून 'टायगरिना' शोधून अर्ध्याच नोंदी मिळतात.

धुतलेली यादी जीबिफच्या (जगभरच्या जैवविविधतेच्या नोंदींचा खुला साठा) नावं जुळवायच्या साधनात टाका. फाइल सीएसव्ही आणि यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर फ्रेंच-जर्मन लेखकांच्या नावातल्या टिंबा-काड्यांचे चौकोन होतात. शास्त्रीय नावाच्या रकान्याबरोबर किंगडमचा रकाना द्याच. प्राणी आणि वनस्पतींचे नियम वेगवेगळे, त्यामुळे एकच जीनस दोन्हीकडे चालतं. मोरस म्हणजे तुती, आणि मोरस नावाचा समुद्रपक्षीही आहे. ओइनान्थे हे पक्ष्याचंही जीनस आहे आणि पाणथळीतल्या वनस्पतीचंही. वड-पिंपळाचं फायकस, तसाच एक फायकस समुद्री गोगलगायींतला. किंगडम दिलं नाही तर रंकाळ्याच्या काठावर समुद्री गोगलगाय उगवू शकते.

उत्तरात प्रत्येक नावापुढे जुळणीचा प्रकार येतो. 'एक्झॅक्ट' असेल तर पुढं चला, पण ते जुनं नाव म्हणून जुळलंय का ते पहा. 'फझी' म्हणजे साधनानं स्पेलिंग आपल्या मनानं सुधारलंय. प्रत्येक ओळ डोळ्यांनी बघा. 'हायर रँक' सगळ्यात फसवं. स्पीशीज सापडली नाही म्हणून ते नुसतं जीनस किंवा कुळ देतं, आणि घाईत माणसाला वाटतं जुळलं. मी हे तीन गठ्ठे तीन रंगांत ठेवतो आणि फझी सकाळी चहानंतर बघतो. रात्री बघितलेलं सगळं बरोबरच वाटतं.

कुणाचं ऐकायचं

एका गटाला एक प्रमाण यादी ठरवा आणि तिची आवृत्ती किंवा तारीख खतावणीत लिहा. आम्ही वनस्पतींना लंडनच्या क्यू उद्यानाची प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन, सरपटणाऱ्यांना रेप्टाइल डेटाबेस, बेडकांना अँफिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड आणि पक्ष्यांना ईबर्डची क्लेमेंट्स यादी लावली. पक्ष्यांत पूर्वी तीन-चार याद्यांचं भांडण होतं. २०२५ मध्ये ॲव्हीलिस्ट नावाची समाईक यादी आली आणि ते मिटायला लागलंय.

यादी बदलत राहणार. नांगराच्या मागं चालणारा साधा गायबगळा बघा. पुस्तकात बुबुल्कस आयबिस. मग पूर्वेकडचा वेगळा धरून बुबुल्कस कोरोमँडस. मग जीनसच आर्डिया झालं आणि शेपूट बदलून आर्डिया कोरोमँडा. पोरं वैतागली, "काका, बगळ्याला तरी माहितीय का?" बगळ्याला माहीत नसू दे, खतावणीत तीन ओळी आणि एक चालू नंबर. किर्दीतल्या शेकडो नोंदींना हात लावावा लागला नाही. पाच मिनिटांचं काम.

वनखात्याला यादी द्यायची असेल तर आणखी एक रकाना लागतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात छापलेलं नाव. २०२२ च्या दुरुस्तीनं परिशिष्टं सहाची चार झाली, ती नवीनच बघा. कायद्यातलं नाव आणि प्रमाण यादीतलं नाव वेगळं असलं तर दोन्ही लिहा. साहेब कायद्यातलं शोधतात.

नाव बदलणं आणि जात फुटणं

बाभूळ हा सोपा प्रकार. कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथाच्या काळात (१९०१ ते १९०८) ती ॲकेशिया अरेबिका, नंतर ॲकेशिया निलोटिका. २००५ च्या व्हिएन्ना परिषदेनं ॲकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवलं आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली. खैर गेला सेनेगालियात. झाड तेच, काटे तेच, फक्त खात्यावरचं नाव बदललं. दोन जाती एक झाल्या तरी अवघड नाही: दोन्ही जुनी नावं एका नंबराकडे वळवा.

अवघड असतं ते फुटणं. गळ्याखाली रंगीत पंखा फुगवणारा सरडा तुम्ही माळावर पाहिला असेल. पूर्वी असा कुठलाही सरडा दिसला की याद्यांत सर्रास सिताना पॉन्टिसेरियाना, म्हणजे पाँडिचेरीचा, असं लिहीत. २०१६ मध्ये संशोधकांनी त्यांची उकल केली. काही नव्या सिताना निघाल्या आणि एक नवीन जीनस आलं, त्याचं नाव चक्क आपल्या मराठी शब्दावरून: सरडा. सरडा सुपर्बा साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा, शिवाय सरडा डेक्कनेन्सिस आणि सरडा डार्विनी.

आमच्या फाइलीत कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडच्या पॉन्टिसेरियानाच्या ३८ नोंदी. एका पोरानं उत्साहात फाइंड-रिप्लेस मारून सगळ्या सुपर्बा करून टाकल्या. नशीब, किर्दीत मूळ नाव होतं, म्हणून परत आणता आल्या. भाऊभाऊ वेगळे झाले तर जुन्या सौद्याची रक्कम एकट्या थोरल्याच्या नावावर टाकत नाहीत. कुणाचा माल होता त्याची चिठ्ठी शोधतात.

इथं चिठ्ठी म्हणजे फोटो. अकरा नोंदींना गळ्याचा पंखा दिसणारे फोटो निघाले. ते जाणकाराला पाठवले, त्यानं नावं दिली, आणि 'कुणी ओळखलं' व 'ओळखल्याची तारीख' हे दोन रकाने भरले. बाकी सत्तावीस नोंदी 'सिताना पॉन्टिसेरियाना, व्यापक अर्थानं' या स्वतंत्र खात्यावर आहेत. लॅटिनमध्ये त्याला सेन्सू लाटो म्हणतात. त्याचा अर्थ, २०१६ पूर्वीच्या समजुतीप्रमाणे. हे खातं नकाशावर सुपर्बाच्या ठिपक्यांत मिसळायचं नाही. काही जणांना ते अपुरं काम वाटतं. मला खोट्या जमेपेक्षा उघडं येणं बरं वाटतं.

नरक्या या झाडाबद्दल दोन ओळी. चालू नाव नोथापोडायटिस निमोनियाना, जुन्या कागदांत मॅपिया फोएटिडा किंवा नोथापोडायटिस फोएटिडा. त्यापासून कर्करोगावरच्या औषधाचं द्रव्य मिळतं म्हणून चोरटी तोड होते. तिन्ही नावांना एक नंबर द्या, आणि बाहेर फाइल देताना या नंबराच्या सगळ्या जागा तालुक्यापर्यंतच ठेवा. एका नावाच्या जागा झाकून दुसऱ्याच्या उघड्या ठेवल्या तर झाकलं काय?

मराठी नावं

मराठी नावांचं तिसरं शीट करा: नाव, कुठल्या भागात म्हणतात, खात्याचा नंबर. एका नावाला अनेक नंबर चालतील. मराठी नावावरून आपोआप नंबर मात्र कधीही काढू नका. कोल्हापूर संस्थानात शिकारीला खरे चित्ते पाळत, तरी आज गावात बिबट्या आला की बातमीत चित्ता येतो. पक्ष्यांच्या पुस्तकात पाकोळी म्हणजे आकाशात भिरभिरणारा तो छोटा पक्षी, आणि राणी पाकोळी म्हणजे फुलपाखरू.

परवाच नोंद आली: 'पाकोळी, १, रंकाळा, संध्याकाळी.' फोटो नाही. किर्दीत चढवली आणि पोराला फोन केला. "उडत होती का फुलावर बसली होती रे?"

"दोन्ही नाही काका. आमच्या ट्यूबलाइटवर आपटत होती."

खात्याचा नंबर अजून रिकामा आहे.